लिमिटकडून नो-लिमिटकडे: पोकरमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड-औंधपासून सदाशिव पेठेपर्यंत घरोघरी जमणाऱ्या पत्त्यांच्या अड्ड्यांत सध्या एक बदल होतोय. वर्षानुवर्षं ठरावीक बेटचं पोकर, म्हणजे लिमिट होल्डेम खेळणारे ग्रुप नो-लिमिटकडे, म्हणजे बेटला वरची मर्यादा नसलेल्या खेळाकडे वळताहेत. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळी उदाहरणं एकाच मापाची आहेत. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं येतात आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर); फ्लॉपआधी आणि या प्रत्येक टप्प्याला बेटची एक फेरी. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, ५ आणि १०. लिमिटमध्ये बेट १०, टर्नपासून २०. नो-लिमिटमध्ये प्रत्येकासमोर १,००० चिप्स, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट. आकडे चिप्सचे आहेत, रुपयांचे नाहीत.

१. पानं तीच, वाटप तेच. मग नियमात नेमकं काय बदलतं?

मुख्यतः बेटची रक्कम. लिमिटमध्ये फ्लॉपपर्यंत बेट आणि रेझ (लागलेली बेट वाढवणं) १०-१० चेच, टर्न आणि रिव्हरला २०-२० चे, आणि एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेझ झाले की पुढे वाढवता येत नाही. नो-लिमिटमध्ये कमीत कमी बेट मोठ्या ब्लाइंडएवढी, म्हणजे १०. जास्तीत जास्त समोर असेल तेवढं सगळं. रेझ करताना आधीची वाढ जेवढी होती, निदान तेवढी वाढ करावीच लागते. कोणी ४५ ची बेट लावली तर रेझ किमान ९० पर्यंत. फ्लॉपआधी कोणी १० चे ३० केले तर वाढ २० ची, म्हणून पुढचा रेझ किमान ५० पर्यंत. रेझच्या संख्येवर बंधन नाही.

डाव सुरू असताना खिशातून चिप्स काढायच्या नाहीत आणि टेबलावरच्या खिशात घालायच्या नाहीत, हे दोन्हीकडे सारखंच. नो-लिमिटमध्ये ते कटाक्षाने पाळा. नाहीतर समोरच्याकडे किती आहे या हिशेबाला अर्थच उरत नाही.

२. पुण्यात हे खेळणं कायद्यात बसतं का?

पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर घरी खेळणं हा निव्वळ पत्त्यांचा खेळ आहे, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे. पैसे आले की गोष्ट बदलते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर वेगवेगळ्या राज्यांच्या उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. घरमालकाने प्रत्येक पॉटमधून (डावात मध्ये जमलेल्या रकमेतून) ‘नाल’, म्हणजे आपला वाटा, काढणं तर सरळसरळ अड्डा चालवण्याकडे जातं. ऑनलाइनचा प्रश्न संपला आहे: संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. गोव्यातले परवानाधारक कॅसिनो वेगळ्या कायद्याखाली येतात. त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

३. आमचा ग्रुप मूळचा तीन पत्तीवाला. त्या सवयी आड येतात का?

दोन येतात. पहिली म्हणजे ‘चाल’. तीन पत्तीत चाल बांधलेल्या पटीतच वाढते, त्यामुळे मनात बेटचं एक ठरावीक माप बसलेलं असतं आणि नो-लिमिटमध्येही माणूस २००च्या पॉटमध्ये २०ची चाल टाकतो. दुसरी म्हणजे ‘शो’ मागायची हौस. पोकरमध्ये शो विकत घ्यावा लागतो, आणि नो-लिमिटमध्ये त्याची किंमत समोरचा ठरवतो. दुसरी सवय जास्त महागात पडते. तिचा हिशेब प्रश्न १२ मध्ये आहे.

एक सवय मात्र उपयोगी आहे: समोरचा पानं बघून खेळतोय की नुसता रेटतोय, हे ओळखायची नजर.

४. ब्लाइंड तेवढेच आहेत, तरी रिव्हरपर्यंत पॉट एवढा कसा फुगतो?

सगळं समजण्याची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर सावकाश वाचा.

लिमिटमध्ये पॉट बेरजेने वाढतो. फ्लॉपनंतर तिन्ही फेऱ्यांत तुम्ही बेट लावली आणि एकाने कॉल केलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या, तर तुमच्या खिशातून १० + २० + २० असे ५० जातात. सुरुवातीला पॉट कितीही असो, हा आकडा तोच.

नो-लिमिटमध्ये पॉट गुणाकाराने वाढतो. अर्ध्या पॉटची बेट लागली आणि कॉल झालं की पॉट दुप्पट. पूर्ण पॉटची लागली तर तिप्पट. म्हणजे तीन फेऱ्या अर्ध्या पॉटच्या बेट लागल्या तर पॉट आठपट होतो आणि प्रत्येकाने सुरुवातीच्या पॉटच्या साडेतीन पट घातलेले असतात. तीन फेऱ्या पूर्ण पॉटच्या लागल्या तर पॉट सत्तावीसपट आणि प्रत्येकाचे तेरा पट!

आता आकडे घाला. तुम्ही ३० पर्यंत रेझ केलं, लहान ब्लाइंडने पानं टाकली (डाव सोडला), मोठ्या ब्लाइंडने कॉल केलं. पॉट ६५, दोघांसमोर ९७० उरले. पूर्ण पॉटच्या तीन बेट म्हणजे ६५ + १९५ + ५८५ = ८४५. जवळपास सगळा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, आणि तोही एका साध्या रेझपासून सुरू झालेल्या डावात.

म्हणून लिमिटमधली चूक एका बेटची असते आणि नो-लिमिटमधली पुढच्या सगळ्या फेऱ्यांची. फ्लॉपवर ‘बघू तरी’ म्हणून टाकलेले ४५ हे ४५ नसतात. पुढे टर्नला १०५ आणि रिव्हरला २५० मागणाऱ्या दाराचं ते तिकीट असतं. पानं उचलायच्या आधी नजर टेबलावर फिरवून कोणासमोर किती आहे ते बघायची सवय लावा. या एका सवयीने जेवढा फरक पडतो, तेवढा बाकीच्या कशानेही पडत नाही.

५. मग बेट किती लावायची? मोकळीक मिळाली आणि हातच चालेना!

सुरुवातीला तीनच मापं ठेवा. पहिल्यांदा रेझ करताना २५ ते ३०. आधी कोणी नुसतं कॉल करून आत आलं असेल तर प्रत्येकामागे १० जास्त. फ्लॉपवर पानं कोरडी असतील, म्हणजे राजा-सत्ती-दुर्री तीन वेगळ्या रंगांची, तर पॉटचा एक तृतीयांश. फ्लश (एका रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेटची (लागोपाठची पाच पानं) शक्यता असेल तर दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश.

घरगुती टेबलावर ३०चा रेझ पाच जण कॉल करतात अशी तक्रार नेहमी येते. तिथे ४०-५० करा. पाच जणांत विभागलेल्या पॉटमध्ये एक्क्यांची जोडीसुद्धा बेभरवशाची होते.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: चांगल्या पानांवर मोठी आणि ब्लफवर छोटी बेट, किंवा उलट. लिमिटमध्ये रक्कम काहीच सांगत नाही, त्यामुळे ही काळजी कधी घ्यावीच लागली नव्हती. इथे तुमची रक्कमच बोलते. माप टेबलावरच्या पानांवरून ठरवा, हातातल्या पानांवरून नाही.

६. लिमिटमध्ये फ्लश ड्रॉवर (फ्लशला एकच पान कमी असताना) मी कायम कॉल करायचो आणि बरोबर ठरायचो. नो-लिमिटमध्ये तसंच करून हरतोय. का?

कारण किंमत बदलली, शक्यता बदलली नाही. एक डाव दोन्हीकडे खेळून बघू.

तुम्ही मोठ्या ब्लाइंडवर आहात. हातात बदामचा गुलाम आणि बदामची नव्वी. एकाने रेझ केलं, तुम्ही कॉल केलं. फ्लॉप: बदामचा राजा, बदामची चव्वी, किलवरची दुर्री. फ्लशसाठी नऊ पानं उरली आहेत. पुढच्या एका पानात लागायची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे सुमारे १९ टक्के. दोन्ही पानं धरून ३५ टक्के.

लिमिट: पॉट ४५, समोरून १० ची बेट. ५५ मिळवायला १० घालायचे, म्हणजे १० भागिले ६५, १५.४ टक्के पुरे. तुमच्याकडे १९ आहेत. कॉल. टर्नला इस्पिकची छक्की येते, पॉट ६५, बेट २०. ८५ साठी २०, म्हणजे १९ टक्के लागतात. ४६ मध्ये ९ म्हणजे १९.६ आहेत. काठावर, पण कॉल. शिवाय फ्लश लागला तर रिव्हरची बेट वर मिळणारच आहे. तुमची जुनी सवय चुकीची नव्हतीच.

नो-लिमिट: पॉट ६५, बेट ४५. ११० साठी ४५, म्हणजे २९ टक्के लागतात आणि पुढच्या पानाला १९ आहेत. कॉल तोट्यात जाऊ नये यासाठी फ्लश लागेल तेव्हा एकूण १९० मिळायला हवेत. पॉटमध्ये ११० आहेत, म्हणजे पुढे सरासरी ८० आणखी काढता आले पाहिजेत. तेवढं जमण्यासारखं आहे. पण टर्नला छक्की आली आणि १५५ च्या पॉटमध्ये १०५ ची बेट आली, की लागतात २९ टक्के आणि आहेत १९.६. आता रिव्हरला निदान १७२ आणखी मिळायला हवेत. तिसरं बदाम पडलेलं समोरच्यालाही दिसतं, आणि त्याच्याआधी बोलायची पाळी तुमची आहे. एवढे बहुतेक वेळा मिळत नाहीत. टर्नला पानं टाका.

‘दोन पानं धरून ३५ टक्के’ हा आकडा फक्त फ्लॉपवरच ऑल-इन झाल्यावर, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्यावर, वापरायचा. पुढे आणखी बेट लागणार असेल तर एका पानाचाच हिशेब खरा. ही गल्लत सर्रास होते.

तोच ड्रॉ पोझिशन असताना, म्हणजे समोरच्यानंतर बोलायची पाळी असताना, किंवा एक्का असलेला फ्लश ड्रॉ, जास्त किंमत देण्याजोगा असतो. मधल्या पानाची वाट बघणारा स्ट्रेट, म्हणजे चारच पानं उरलेली, एका पानात साडेआठ टक्के; मोठ्या बेटला तो सोडूनच द्यायचा.

७. ड्रॉ असताना फ्लॉपवर रेझ करून टर्नचं पान फुकट बघायची युक्ती चालते का?

लिमिटमध्ये छान चालते: १० जास्त घालून टर्नचे २० वाचतात. नो-लिमिटमध्ये तुम्ही ४५ चे १४० केले आणि समोरच्याने सगळा स्टॅक ढकलला तर १४० सोडून पानं टाकावी लागतात, आणि ज्या पानासाठी एवढं केलं ते बघायलाही मिळत नाही. ड्रॉवर रेझ करायला हरकत नाही, पण तो समोरच्याने पानं टाकावीत म्हणून करा. ११० मिळवायला १५० पर्यंत रेझ केलं, आणि ड्रॉची ताकद धरलीच नाही, तर ५८ टक्के वेळा त्याने पळायला हवं. ड्रॉमुळे हा आकडा खाली येतो. समोरचा पळणाऱ्यातला नसेल तर या वाटेला जाऊ नका.

८. सुरुवातीची कोणती पानं आता टाकायची आणि कोणती धरायची?

वेगवेगळ्या रंगांची मोठी पानं घसरतात: एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम. लिमिटमध्ये ही पानं टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जोडी) लावून दोन-तीन बेट कमावतात आणि हरली तरी थोडक्यात सुटतात. नो-लिमिटमध्ये राजा-गुलामवर राजा लागला की छोटा पॉट तुमचा होतो; मोठा पॉट होतो तेव्हा समोर एक्का-राजा किंवा राजा-राणी असते. लवकरच्या जागेवरून, म्हणजे आधी बोलावं लागतं तिथून, ही तिन्ही सरळ टाका.

लहान जोड्या, एका रंगाची लागोपाठची पानं आणि एका रंगाचा एक्का यांची किंमत वाढते, पण समोर स्टॅक भरपूर असेल तरच. एक्का-राजा दोन्हीकडे राजेशाही. नुसतं कॉल करत बसू नका, रेझ करा.

९. लहान जोडीवर रेझ कॉल करावा का?

जोडीवर फ्लॉपला सेट (त्याच जोडीचं तिसरं पान) लागायची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. त्यामुळे कॉलच्या रकमेच्या किमान १५ पट तुमच्याकडेही हवेत आणि रेझ करणाऱ्याकडेही. ३० चा कॉल असेल तर ४५०. नुसते साडेआठ पट का पुरत नाहीत? कारण सेट लागल्यावर प्रत्येक वेळी समोरचा पैसे देतोच असं नाही, आणि कधीकधी सेटही हरतो. सेट नाही लागला तर बेटसमोर निमूट पानं टाका.

१०. मोठ्या ब्लाइंडवर असताना लिमिटमध्ये मी जवळपास सगळं खेळायचो. आता?

आता जरा हात आखडता घ्या. लिमिटमध्ये ३५ च्या पॉटसाठी १० घालायचे होते, २२ टक्के पुरत होते. ३० च्या रेझसमोर ४५ साठी २० घालायचे आहेत, ३१ टक्के लागतात, आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत तुम्हीच आधी बोलणार. रेझ २५ चाच असेल तर २७ टक्के. म्हणून रेझ किती आहे हे बघून ठरवा. ‘माझे १० आधीच गेलेत’ हे कारण धरू नका. ते १० आता पॉटचे झाले.

११. एक्क्यांची जोडी आली आणि तरी सगळा स्टॅक गेला. चुकलं कुठे?

बहुधा फ्लॉपवर एक भागाकार राहून गेला. उरलेला स्टॅक भागिले पॉट. प्रश्न ४ मधल्या डावात ९७० भागिले ६५, म्हणजे १५. एवढ्या मोठ्या आकड्यावर नुसत्या एका जोडीने सगळा स्टॅक घालायचा नसतो, कारण त्या डावात हजार चिप्स घालायला तयार होणाऱ्याकडे सहसा दोन जोड्या किंवा सेट असतो. दोन बेट लावा, पॉट मध्यम ठेवा, आणि अचानक मोठा रेझ आला तर थांबून विचार करा.

हाच आकडा ३-४ च्या खाली असेल तर टॉप पेअर चांगल्या किकरसह (हातातल्या दुसऱ्या मोठ्या पानासह) पुरेशी आहे. मागे हटू नका. ५ ते १० मध्ये समोरचा कोण आहे त्यावर. १३ च्या वर सेट किंवा त्याहून मोठं काही हवं. हे अंदाज आहेत, पण टेबलावर टिकणारे.

म्हणूनच एक्के असताना फ्लॉपआधी पुन्हा रेझ करणं इतकं मोलाचं. समोरच्याच्या ३० वर तुम्ही ९० केले आणि त्याने कॉल केलं, ब्लाइंड बाहेर गेले, की पॉट १९५ आणि स्टॅक ९१०. आकडा पंधरावरून पावणेपाचाच्या आसपास आला. ‘लपवून ठेवू’ म्हणून नुसतं कॉल करणारे स्वतःच्या हाताने डाव अवघड करतात.

१२. रिव्हरला एक कॉल करून बघून घ्यायचं, हे लिमिटमध्ये बरोबर होतं ना?

अगदी बरोबर होतं. पॉट १०५, बेट २०. सातात एकदा जिंकलात तरी फिटतं. तिथे रिव्हरला पानं टाकणं हीच मोठी चूक मानली जाते.

नो-लिमिटमध्ये तोच डाव रिव्हरला ३६५ च्या पॉटवर येतो आणि बेट २५० ची असते. आता २९ टक्के लागतात, साडेतीन वेळांत एकदा. पॉटएवढी बेट असेल तर तीनात एकदा. त्यातून घरगुती टेबलावर रिव्हरचा मोठा रेझ क्वचितच खोटा असतो. तुमच्या बेटवर तिप्पट-चौपट रेझ आला आणि हातात एकच जोडी असेल, तर टाका. अधूनमधून फसाल, फसू द्या. एवढ्या एका बदलाने लिमिटवाल्यांची गळती निम्म्यावर येते असं आमचं ठाम मत आहे.

१३. ब्लफ जास्त करायचे की कमी?

ब्लफला जोर जास्त आहे, पण किंमतही जास्त. लिमिटमध्ये १०५ च्या पॉटमध्ये २० चा ब्लफ सहापैकी एकदा चालला तरी पुरतो, पण कोणी पळतच नाही. नो-लिमिटमध्ये अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा, पूर्ण पॉटचा दोनात एकदा चालायला हवा. रिव्हरला पॉटएवढी बेट लावत असाल तर दोन खऱ्या बेटमागे एक ब्लफ, अर्ध्या पॉटला तिनामागे एक, हे प्रमाण धरा.

ब्लफसाठी पानं निवडा. हुकलेल्या फ्लश ड्रॉपेक्षा, समोरच्याकडे असू शकणारं महत्त्वाचं पान तुमच्या हातात असेल तर ब्लफ जास्त चालतो: टेबलावर तीन बदाम आणि बदामचा एक्का तुमच्याकडे, तर सर्वांत मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. जो काहीही झालं तरी बघून घेतोच, त्याच्यावर ब्लफ करू नका. प्रत्येक टेबलावर असा एक असतो.

१४. पोझिशनला एवढं महत्त्व का?

लिमिटमध्ये शेवटी बोलणारा एखादी बेट जास्त कमावतो किंवा वाचवतो. नो-लिमिटमध्ये पॉट केवढा होणार हेच तो ठरवतो. डीलरच्या जागेवर, म्हणजे शेवटी बोलायचं असताना, जास्त डाव खेळा, पहिल्या दोन जागांवर मोजके.

१५. लिमिटमधलं काय विसरायचं नाही?

पॉट मोजायची सवय. चांगल्या पण सर्वोत्तम नसलेल्या पानांवरही बेट लावून थोडं कमवायची धमक. आणि समोरच्याच्या चार फेऱ्यांच्या वागण्यावरून पानांचा अंदाज बांधणं. नुसतं नो-लिमिट शिकलेले लोक रिव्हरला घाबरून चेक करतात, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे देतात, आणि मिळणारं सोडून देतात. तिथे पॉटच्या एक तृतीयांशची छोटी बेट लावणारा लिमिटवाला त्यांच्या पुढे असतो.

१६. लिमिट कम्प्युटरने ‘सोडवलं’, म्हणजे न हरणारी खेळी शोधली म्हणतात, ते खरं का?

दोघांच्या लिमिट होल्डेमपुरतं, हो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये ते व्यवहारात सुटल्याचं जाहीर केलं. त्या खेळात निर्णयाच्या जागा दहाच्या चौदाव्या घाताएवढ्या. दोघांच्या नो-लिमिटमध्ये त्या दहाच्या एकशे साठाव्या घाताएवढ्या होतात. फरक फक्त बेटच्या रकमेमुळे. नो-लिमिटमध्ये २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या कम्प्युटर प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, पण तो खेळ पूर्ण सुटलेला नाही. म्हणून तक्ते पाठ करून नो-लिमिट येत नाही.

१७. गोव्याला जाऊन कॅसिनोत बसायचा विचार आहे. काय लक्षात ठेवू?

मांडवीतल्या बोटींवर बसायच्या आधी विचारा: ब्लाइंड किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती घेऊन बसता येतं, आणि प्रत्येक पॉटमधून कॅसिनो किती कापतो. कापणीमुळे छोटे-छोटे पॉट लढवणं घरच्यापेक्षा महाग पडतं. गेले तरी चालतील एवढेच, आणि किती वेळा चिप्स घ्यायच्या ते पुण्यातच ठरवून, घरी कोणाला तरी सांगून निघा. लिमिटमध्ये हरणं हळूहळू होतं आणि सावरायला वेळ मिळतो. इथे दोन डावांत दोन स्टॅक जातात, आणि तिसरा घेताना डोकं ठिकाणावर नसतं.

१८. घरी सहा जणांसाठी किती चिप्स लागतील?

प्रत्येकी १,००० साठी: ५ च्या २०, २५ च्या १२ आणि १०० च्या ६. म्हणजे ३८ चिप्स, सहा जणांच्या २२८. ३०० चा संच पुरतो; उरलेल्या चिप्स ५०० च्या धरा आणि पुन्हा स्टॅक घेणाऱ्यांना द्या. लिमिटमध्ये एकाच रंगाचे ढीग लागायचे, इथे मोठ्या चिप्स लागतात. त्या नेहमी पुढे ठेवायच्या. मोठी चिप छोट्यांच्या मागे लपवणं ही फसवणूकच.

१९. एकाकडे २०० आणि दुसऱ्याकडे २,००० असतील तर हे हिशेब कसे लावायचे?

दोघांतला लहान स्टॅकच मोजायचा. त्याच्यावरचं त्या डावात असून नसल्यासारखं. २०० वाल्याने २५ पर्यंत रेझ केलं, मोठ्या ब्लाइंडने कॉल केलं, तर पॉट ५५ आणि त्याचे उरले १७५. आकडा तीनच्या थोडा वर. इथे टॉप पेअरवर सगळं घालायला हरकत नाही, राजा-गुलाम पुन्हा कामाचे होतात आणि लहान जोडीवर सेटची वाट बघणं तोट्यात जातं. प्रश्न ८ आणि ९ मधलं बरंचसं इथे उलटं होतं. तिसरा खेळाडू १,५०० घेऊन मागे बसलेला असेल तर मात्र त्याच्यासाठी हिशेब वेगळा धरावा लागतो.

२०. मी १०० ची चिप टाकली, रेझ करायचा होता, सगळे म्हणाले कॉलच झाला. बरोबर?

बरोबर. समोर बेट असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल. लिमिटमध्ये यावरून भांडण होत नाही कारण रक्कम ठरलेलीच असते. आधी तोंडाने ‘रेझ, शंभर’ म्हणा, मग चिप्स टाका. ‘कॉल... आणि वर ५०’ असं दोन हप्त्यांत चालत नाही. पहिला शब्द पक्का.

२१. अपुऱ्या ऑल-इननंतर मला पुन्हा रेझ करता येतो का?

तुम्ही १०० ची बेट लावली. दुसऱ्याने १५० मध्ये ऑल-इन केलं. वाढ ५० ची, पूर्ण रेझ नाही. तिसऱ्याने नुसतं १५० कॉल केलं, तर तुम्हाला फक्त ५० भरता येतात किंवा पानं टाकता येतात. पुन्हा रेझ नाही. तिसरा मात्र अजून बोललाच नव्हता, त्यामुळे त्याला रेझची मुभा होती, किमान २५० पर्यंत. त्याने ती वापरली तर तुमचाही रस्ता उघडतो.

लिमिटमध्ये नियम वेगळा आहे: ऑल-इनची वाढ निम्म्या बेटएवढी किंवा जास्त असेल तर तो रेझ धरतात. २० वर कोणी ३० मध्ये ऑल-इन झाला तर रेझ, २८ मध्ये झाला तर नाही. दोन्ही नियमांची सरमिसळ झाल्याने सर्वांत जास्त वाद होतात. बसायच्या आधीच सांगून टाका.

२२. तिघं ऑल-इन, तिघांचे स्टॅक वेगळे. पॉट कसा वाटायचा?

समजा २००, ६०० आणि १,०००. लहानापासून सुरू करा. प्रत्येकाचे २०० काढा: ६०० चा मुख्य पॉट, तिघांचाही हक्क. उरलेल्या दोघांचे ४००-४०० काढा: ८०० चा बाजूचा पॉट, फक्त त्या दोघांचा. मोठ्याचे उरलेले ४०० त्याला परत. पानं दाखवल्यावर आधी बाजूचा पॉट निकालात काढा, मग मुख्य. २०० वाल्याची पानं सर्वांत भारी असली तरी त्याला ६०० च मिळतात, आणि उरलेल्या दोघांत ज्याची पानं वरचढ, त्याला ८००. ब्लाइंड टाकून पळालेल्यांच्या चिप्स मुख्य पॉटमध्ये धरायच्या.